आईच्या डोळ्याच्या पडद्यामागे तीळ सापडला आहे; काय समजावे?

प्रश्न (तासगाव, जि. सांगली):
माझ्या आईचे वय ५८ आहे. मोतीबिंदूची शंका आल्याने तिला मिरजेला दाखवले, तेव्हा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहिल्यावर डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात ‘कोरॉइडल नीवस’ असल्याचे सांगितले आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले. केसपेपरवर डोळ्याचे गोल चित्र काढून त्यात पेनाने एक ठिपका दिला आहे, एवढेच आमच्या हाती आहे. ‘गाठ’ हा शब्द कानावर पडल्यापासून आईची झोप उडाली आहे. गाठ साधी असेल तर ती काढून का टाकत नाहीत, आणि तुकडा न तपासता ती साधी आहे हे कसे ठरवतात?

उत्तर १ (निवृत्त नेत्रतज्ज्ञ, सातारा):
आपल्या आईंना प्रथम हे सांगावे की नीवस म्हणजे तीळ. पडद्यामागे रक्तवाहिन्यांचा जो थर असतो त्याला कोरॉइड म्हणतात. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी तिथेही असतात आणि त्या एका जागी जमल्या की राखाडी-तपकिरी डाग दिसतो. अमेरिकेतील गोऱ्या लोकांविषयीच्या एका अंदाजानुसार अशा सुमारे ८,८०० तिळांपैकी वर्षाला एखादाच कर्करोगात बदलतो. तो काढायचा तर त्यावरच्या निरोगी पडद्याला इजा होते, म्हणून त्याला हात लावत नाहीत. सुई घालून तुकडा घेण्यातही डोळ्याला धोका असल्याने निदान बहुधा पाहूनच, धोक्याच्या खुणा शोधून करतात: सोनोग्राफीत जाडी २ मिलिमीटरपेक्षा अधिक आहे का, ओसीटीत (पडद्याच्या थरांचे प्रकाशाने घेतलेले चित्र) पडद्याखाली पाणी दिसते का, डागावर नारिंगी रंग आहे का, तो दृष्टिचेतेच्या (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) अगदी जवळ आहे का. डागावर पिवळसर बारीक ठिपके असतील तर तो जुना असल्याची ती खूण असते, आणि ती दिलासा देणारी आहे. अचानक लखलख दिसली, धूसर झाले किंवा नजरेच्या कडेला सावली आली, तर सहा महिने न थांबता लगेच दाखवावे.
मला खटकते ते एवढेच की पेनाच्या ठिपक्यावरून डाग वाढला की नाही हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही. पडद्याचा रंगीत फोटो काढून घ्या आणि त्याची प्रत घरी ठेवा.

उत्तर २ (वाई):
फोटोविषयी वर जे लिहिले आहे ते आम्ही भोगले आहे. माझ्या यजमानांच्या डोळ्यात निघाली ती रक्तवाहिन्यांची साधी गाठ, हिमँजिओमा. वहीच्या सरळ रेघा त्यांना मधेच वाकलेल्या दिसत. पहिल्या दवाखान्याने फोटो जपला नव्हता, त्यामुळे गाठ वाढते आहे की आधीपासून तेवढीच आहे, हे ठरवण्यात अनेक महिने गेले. पुढे पुण्यात शिरेतून औषध देऊन त्यावर लेसर केले; त्यानंतर पाच दिवस अंगावर ऊन पडू द्यायचे नव्हते. आता रेघा सरळ दिसतात. साधी गाठही पडद्याच्या मध्यबिंदूजवळ पाणी धरू लागली तर उपचार करावे लागतात, हे ध्यानात असू द्यावे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. सोमवारी फोटो आणि सोनोग्राफी करून घेतो. तीळ असताना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चालेल का?

उत्तर १ (निवृत्त नेत्रतज्ज्ञ, सातारा):
साध्या तिळामुळे ती अडत नाही. मात्र मोतीबिंदू दाट झाला की पडदा नीट दिसत नाही आणि फोटोही धूसर येतो, म्हणून फोटो आधी काढावा.