मदत हवी आहे: गेलेल्या झाडाचं नाव काय असेल?

कुंडीतलं लाडकं झाड गेलं, मुळं कुजली, फांदी नखाने खरवडली तर आत सगळं तपकिरी, त्यामुळे ते वाचवायचं कसं हा प्रश्नच नाही. नाव हवंय. तीनेक फुटांचं झुडूप, वेल नाही, काटे नाहीत, पानं साधी गडद हिरवी. फूल चपटं, पाच पाकळ्यांचं, उमलताना गडद जांभळं, दुसऱ्या दिवशी फिकट आणि मग चक्क पांढरं, म्हणजे एकाच फांदीवर तिन्ही रंग! मंद वासही यायचा. मधुमालती नाही, ती उलटी पांढऱ्याची लाल होते. फोटो एकच, तोही बिनफुलांचा, ॲप त्याला रातराणी म्हणतंय (काहीही!). आधी छाटलेली एक काडी मातीत अजून हिरवी आहे. हे कुठलं झाड, आणि काडीपासून येतं का?