मदत हवी आहे: मराठी प्रश्नावलीचा अल्फा फक्त ०.४१

प्रश्न: निफाड-दिंडोरीकडच्या ६० द्राक्ष बागायतदारांना पीएसएस-१० ही ताणाची प्रश्नावली मराठीत वाचून दाखवली. क्रॉनबॅक अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) ०.४१ आला. प्रश्न ४, ५, ७, ८ यांचा उरलेल्या बेरजेशी सहसंबंध उणे आहे. हे चार काढून टाकू का? महिनाभराने, द्राक्ष फुलोऱ्यात असताना फेरचाचणी (त्याच लोकांना तीच प्रश्नावली पुन्हा) घ्यायची आहे.

प्रतिसाद १: अजिबात काढू नका! नेमके हेच चार प्रश्न उलट गुणांकनाचे आहेत. 'सगळं मनासारखं चाललंय असं किती वेळा वाटलं?' याला 'खूपदा' म्हणणाऱ्याचा ताण कमी, पण तुमच्या तक्त्यात त्याला ४ पडलेत (० म्हणजे 'कधीच नाही', ४ म्हणजे 'खूपदा'). चार नवे रकाने करून त्यांत '४ वजा मूळ गुण' भरा. जुने रकाने पुसू नका, नाहीतर चुकून दोनदा उलटवले जातात आणि कळतही नाही. अल्फा ०.७० च्या आसपास यायला हवा.

तरीही एखाद्या प्रश्नाचा उरलेल्या बेरजेशी सहसंबंध ०.३० च्या खाली राहिला तर भाषांतर तपासा. 'कामं झेपत नाहीत असं किती वेळा वाटलं?' याला ऐकणारा नुसतं 'नाही' म्हणतो. 'कधीच नाही वाटलं' की 'नाही झेपत'? तुम्ही ० लिहिता, त्याला कदाचित ४ म्हणायचं असतं. 'कामं डोईजड झाली असं किती वेळा वाटलं?' असं विचारा. प्रश्नातला नकार गेला की गोंधळही जातो.

प्रश्नकर्ता: उलटवल्यावर ०.७३! मनापासून आभार. फेरचाचणीचं काय करू?

प्रतिसाद २: तारीख बदला. पीएसएस गेल्या महिन्याभराचं विचारते. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीची, ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) महिन्याभरात बागायतदाराचं सगळं चित्रच पालटतं. फुलोऱ्यात पाऊस झाला की डावणी हा बुरशीचा रोग, आणि घडांची गळकूज. गुण बदलले तर दोष प्रश्नावलीचा की आभाळाचा, सांगता येणार नाही. दोन आठवड्यांचं अंतर ठेवा आणि 'मधल्या काळात बागेचं काही नुकसान झालं का?' हा एक प्रश्न जोडा. नुकसान न झालेल्यांचा हिशेब वेगळा काढा. पिअर्सनवर (नेहमीच्या सहसंबंधावर) थांबू नका, आयसीसीही काढा, म्हणजे दोन वेळचे गुण प्रत्यक्षात किती जुळतात ते मोजणारा आकडा, आणि त्यातला 'पूर्ण जुळणी'चा प्रकार निवडा: सगळ्यांचे गुण सारखेच पाचाने वाढले तर पिअर्सनला तो फरक दिसत नाही.

०.७३ ही विश्वसनीयता झाली, सप्रमाणता (प्रश्नावली खरोखर ताणच मोजते का) अजून बाकी आहे. दहाही प्रश्न नुसती कर्जाची धास्ती मोजत असतील, तरी अल्फा चांगलाच येईल. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली सोबत भरून घ्या, सहसंबंध धन यायला हवा. त्याआधी आठ-दहा जणांना प्रत्येक प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा आणि ते शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा.