मदत हवी आहे: कारखाना एकीकडे, दुकान दुसरीकडे, स्टॉक एकच. सॉफ्टवेअरची रचना कशी ठेवू?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांचा टॉवेलचा कारखाना आहे, दुकान चाटी गल्लीत. बिलिंगचं सॉफ्टवेअर मीच केलंय: पुढे व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) मधले फॉर्म, मागे डेटा ठेवायला शेअर्ड फोल्डरमधली मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची फाइल. पाच पीसींवर बरीच वर्षं निभावलं. पण यात सर्व्हर असा नाहीच, प्रत्येक पीसी थेट फाइल उघडतो. एन्ट्री चालू असताना लाईट गेली की रिपेअर करत बसा. फाइल २ जीबीच्या मर्यादेला टेकत आलीय ते वेगळंच.

दुकानाची फाइल स्वतंत्र. परवा कारखान्यातून ६० डझन जकार्ड टॉवेलचं बिल हैदराबादच्या पार्टीला झालं, आणि तोच माल दुकानातून काकूंनीही विकला. दिवाणजींनी दोन्ही बिलं माझ्यापुढे ठेवली आणि चष्मा पुसत बसले.

डेटा पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरवर न्यायचा हे नक्की. घोडं पेंड खातंय ते पुढे.

व्हीबीचे फॉर्म थेट पोस्टग्रेसला जोडले तर लॅनवर (कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवर) चालेल. पण माझा फॉर्म एक बिल सेव्ह करताना डेटाबेसला एकामागून एक ४० क्वेऱ्या (विचारणा) मारतो (सांगायला लाज वाटते). दुकानातून इंटरनेटवरून एका क्वेरीच्या जाऊन-येऊन फेरीला ५० मिलिसेकंद धरले तरी २ सेकंद गेले. शिवाय डेटाबेसचं पोर्ट (नेटवरून आत यायचं दार) बाहेर उघडायची हिंमत नाही. मध्ये सर्व्हर घालून दोन्हीकडे ब्राउझर दिला, तर नेट गेल्यावर बिल निघणार नाही आणि ट्रक गेटवर उभा. दोन्हीकडे डेटाबेस ठेवून नंतर सिंक केलं (एकमेकांशी जुळवलं), तर पुन्हा ते ६० डझन!

तुम्ही काय कराल?

प्रतिसाद १
मधला सर्व्हरच, पण तो कारखान्यात ठेवा, यूपीएसवर. नेट गेलं तरी लॅनवर बिल होईल; ई-वे बिल (माल वाहतुकीसाठीचं ऑनलाइन बिल) मोबाइलच्या नेटवर काढा. स्टॉक तपासणं आणि वजा करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही), त्या मालाची ओळ लॉक करून, म्हणजे तेवढ्यात दुसरं कुणी ती बदलणार नाही. मायक्रोसर्व्हिसेसच्या (एका ॲप्लिकेशनचे अनेक छोटे स्वतंत्र तुकडे करण्याच्या) नादी लागू नका, पाच पीसींना एकच ॲप्लिकेशन पुरतं. दुकानाला थोडा माल आधीच वाटून द्या. नेट नसताना त्यांनी तेवढ्यातूनच विकायचं. दुकानाच्या बिल नंबराची मालिका वेगळी ठेवा, जीएसटीत चालते, फक्त नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा नको. बिलाची आयडी दुकानातच तयार करा, म्हणजे नेट आल्यावर तेच बिल दोनदा पाठवलं गेलं तरी एकदाच चढेल.

धागाकर्ता
वाटून दिलेला माल, हे डोक्यातच आलं नव्हतं. आता एक सांगा: गिऱ्हाईक दुकानात माल परत घेऊन आलं आणि नेट नसेल, तर तो वाटपात लगेच जमा करू की सर्व्हरने होकार दिल्यावर? काकू म्हणतात लगेच, दिवाणजी म्हणतात थांबा.