कॉमन पत्ते म्हणजे रद्दी? डलासकरांना उत्तर

बॉबोभक्त
शेजारच्या धाग्यावर डलासकरांनी एका नवख्या पोराला दिलेला सल्ला वाचला. बेसबॉलपटूंची चित्रं छापलेले जुने पत्ते घेशील तर फक्त हॉल ऑफ फेमवाल्यांचे (दिग्गजांच्या मानाच्या यादीतल्यांचे) रूकी, म्हणजे सुरुवातीच्या काळातले, तेही ग्रेड केलेले (कंपनीने तपासून दर्जाचा आकडा दिलेले); बाकी साध्या खेळाडूंचे सगळे कॉमन म्हणजे रद्दी. तिथेच चार ओळी लिहायला बसलो होतो, पण डोक्यात तिडीक गेली, म्हणून हा वेगळा धागा.

टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या सेटमधला मिकी मँटलचा पत्ता २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेला. उत्तम. ज्याने घेतला त्याने तो कधी उलटा करून वाचला असेल का?

माझ्याकडे बॉब मिलर या पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) सत्तरच्या दशकातला एक पत्ता आहे. कोपरे झिजून गोल झालेत, मधोमध घडी आहे, किंमत चहाच्याही खाली. पाठीमागे छापलेल्या कारकिर्दीचा टाइप इतका बारीक की चष्मा कपाळावर ढकलून पत्ता नाकाशी धरावा लागतो. एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकासारखी नुसती गावांची नावं! १९७० साली तीन संघ, १९७१ साली पुन्हा तीन. वर १९६२ ची, मेट्स संघातली ओळ: मिलरच्या नावावर १ विजय, १२ पराभव. त्याच मेट्सकडे बॉब मिलर नावाचा आणखी एक पिचर होता आणि दोघं एकाच खोलीत राहायचे. फोन आला तर कोणता मिलर, ही भानगडच नको. आणि हाच माणूस १९६३, १९६५ आणि १९७१ अशा तीन वर्षी वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) जिंकणाऱ्या संघांत होता.

किंवा आमचं दैवत, पिचर बॉबो न्यूसम घ्या. २११ विजय, २२२ पराभव. वॉशिंग्टनने त्याला पाच वेगवेगळ्या वेळा घेतला आणि दर वेळी घालवला. १९४० च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना जिंकून दिला आणि लगेच वडील वारले, तेही मुलाचा खेळ बघायला आले असताना. गड्याने पाचव्या सामन्यात समोरच्यांना एक रन काढू दिली नाही. सातव्याला एका दिवसाच्या विश्रांतीवर उतरला आणि २-१ ने हरला.

याला रद्दी म्हणायचं?

डलासकर
माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. पण सल्ला कोणाला दिला होता ते सोयीस्करपणे गाळलंत. पोराची पहिली नोकरी, हातात ५०० डॉलर, आणि त्याने स्वच्छ विचारलं होतं की पाच वर्षांनी विकता येईल असं काय घेऊ. त्याला मी मिलरची रूममेट कहाणी सांगायची? उद्या तो विकायला निघाला तर तुम्ही घेणार आहात का परत?

एडिसनकाकू
विकायला निघाला तर काय होतं ते मी सांगते. आमच्या ह्यांनी १९८७ ते १९९१ ची पत्त्यांची सगळी खोकी घेऊन ठेवली. टॉप्स, डॉनरस, फ्लीअर, सगळं. "मुलाच्या कॉलेजची सोय." मुलगा कॉलेजातून बाहेर पडला, त्याचं कर्ज फिटलं, त्याला मुलगी झाली. खोकी बेसमेंटमध्येच. दुकानदाराकडे नेली तर त्याने झाकण न उघडताच विचारलं, घरी फायरप्लेस आहे का?

१९८७ च्या एका टॉप्स सेटमध्ये ७९२ पत्ते. लाकडी चौकटीचं डिझाइन. आमच्याकडे ते इतके आहेत की खरं लाकूड स्वस्त पडलं असतं.

डलासकर
काकू, ती जंक वॅक्स. छापखाने दिवसरात्र चालू होते तेव्हाचा माल. म्हणून तर म्हणतो, ग्रेड केलेलं घ्या.

एडिसनकाकू
ग्रेडचं तर नावच काढू नका. त्या ढिगातला एकमेव बरा पत्ता, अपर डेक कंपनीचा १९८९ चा ग्रिफी ज्युनियर, एका ग्रेडिंग कंपनीला पाठवला. महिनोन् महिने पत्ता नाही (दोन्ही अर्थांनी). आला तेव्हा १० पैकी ग्रेड ७, आणि फी धरून पत्ता आम्हालाच महागात पडला. सातच का? एका ओळीचंही कारण दिलं नाही.

बॉबोभक्त
टी२०६ या जुन्या सेटमधल्या होनस वॅग्नरच्या ज्या पत्त्याचा एवढा गवगवा झाला, त्याला ८ दिले होते. २०१३ मध्ये तो विकणाऱ्यानेच कोर्टात कबूल केलं की कडा मी कापल्या होत्या. तुमच्या स्लॅबवर (ग्रेड करून पत्ता बंद करतात त्या डबीवर) एवढा भरवसा, डलासकर?

मार्व्हिनचा चेला
तुमचं भांडण चालू द्या, पण बॉबोभक्त, तुमचा हा भटक्यांचा रोमान्स मला झेपत नाही. आयुष्यभर युनियनचं काम केलंय, म्हणून सांगतो. हे लोक फिरत नव्हते, फिरवले जात होते. १९७५ अखेर लवादाचा निकाल लागेपर्यंत रिझर्व्ह क्लॉज होता. मालक म्हणेल त्या गावी जा, नाहीतर घरी बस. कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ मध्ये ट्रेडला (दुसऱ्या संघाकडे बदलीला) नाही म्हटलं, १९७२ ला सुप्रीम कोर्टात हरला, करिअर संपलं ते संपलंच.

आणि पत्त्यांचं म्हणाल तर टॉप्स खेळाडूला वर्षाला १२५ डॉलर द्यायचं. १९६८ मध्ये खेळाडूंच्या युनियनच्या मार्व्हिन मिलरने भांडून २५० आणि वर विक्रीतला टक्का मिळवला. पेन्शन बघा. १९८० पासून ४३ दिवस संघात काढले तरी मिळते. त्याआधीच्यांना चार वर्षं लागायची. ज्यांची भरली नाहीत ते कॉमनवाले गडी बाहेर राहिले. २०११ मध्ये त्यांच्या पदरात काहीतरी टाकलं, तेही वर्षाला जास्तीत जास्त १०,००० डॉलर. तुम्ही ज्याला वेळापत्रक म्हणून गोंजारताय ते बदलीचे हुकूम आहेत.

बॉबोभक्त
मान्य, मालक हरामखोर होते. पण म्हणून मी पत्ते फेकून देऊ? डिक लिटलफील्ड दहा संघांत फिरला. डिसेंबर १९५६ मध्ये डॉजर्स संघाने आपला दिग्गज जॅकी रॉबिन्सन जायंट्स संघाला विकला तो याच्या आणि ३०,००० डॉलरच्या बदल्यात. रॉबिन्सनने निवृत्ती घेतली, सौदा मोडला. हे हुकूम त्या पत्त्यांमुळेच माझ्यापर्यंत पोचले. तुमच्या युनियनच्या पत्रकातून नाही.

मार्व्हिनचा चेला
पत्रकं वाचली असतीत तर पोचले असते. असो.

दादर कट्टा
अमेरिकेतल्या मंडळींना लिटलफील्ड आठवतो आणि क्रिकेटमधले आपले स्पिनर पद्माकर (पॅडी) शिवलकर आठवत नाहीत. ५८९ फर्स्ट क्लास विकेट, कसोटी एकही नाही. १९७२-७३ ची रणजी फायनल, चेपॉक: १६ धावांत ८, दुसऱ्या डावात १८ धावांत ५. त्यांचा पत्ता कोणी छापला? आम्ही लहानपणी बिग फनच्या गमबरोबरचे पत्ते जमवायचो, त्यातही सगळे स्टारच.

डलासकर
विषय बेसबॉलचा आहे.

दादर कट्टा
विषय उपेक्षितांचा आहे.

नाशिककर
शिवलकर मोठेच, पण ते इथे बसत नाहीत. ते जन्मभर मुंबईकडून खेळले, गावोगाव कुठे फिरले? फिरला तो अमोल मुजुमदार. पदार्पणात २६०, पुढे मुंबई सोडून आसाम, मग आंध्र. ११,१६७ फर्स्ट क्लास धावा आणि कसोटी शून्य.

दादर कट्टा
मुजुमदारला निदान २०२५ चा महिला वर्ल्ड कप कोच म्हणून मिळाला, सगळ्या देशाने नाव घेतलं. पॅडी त्याच वर्षी मार्चमध्ये गेले. पेपरात किती ओळी आल्या? माझ्या वडिलांनी शिवाजी पार्कवर त्यांना नेटमध्ये खेळून पाहिलंय. एक चेंडू बॅटला लागला नाही, असं जाईपर्यंत सांगत होते. अभिमानाने!

एडिसनकाकू
माझी खोकी राहिली बाजूला.

डलासकर
काकू, धागाच राहिला बाजूला. बॉबोभक्त, मिटवतो: त्या पोराला सांगेन, ५०० पैकी ५० चे कॉमन घे आणि पाठी वाच. उरलेल्या ४५० बद्दल माझं मत तसूभर बदललेलं नाही.

बॉबोभक्त
५०? एवढं मन मोठं कधी झालं तुमचं? पन्नासात शंभरेक भटके येतात हो, पुरेत त्याला.

नाशिककर
@दादर कट्टा, शिवलकरांवर अन्याय झाला हे कोण नाकारतंय? पण समोर तसाच डावखुरा स्पिनर बेदी होता. त्याला बसवून कोणत्या कॅप्टनने पॅडींना घेतलं असतं?

दादर कट्टा
बेदीला बसवलं होतं की! १९७४, बंगळूर, वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी. शिस्तभंगासाठी बाहेर. जागा रिकामी होती.

नाशिककर
आणि तेव्हाही बोलावलं राजिंदर गोयलना, पॅडींना नाही. गोयल तयारीत बसले आणि त्यांनाही खेळवलं नाही. बोला आता.