फोटो होस्टिंग: एपीआय कुणाचं धरावं?

प्रश्न: ठाण्यात, नौपाड्यातल्या एका स्टुडिओसाठी गॅलरी अ‍ॅप करतोय. एका लग्नाचे दोन-अडीच हजार फोटो. गूगल फोटोजचं एपीआय (आपलं अ‍ॅप त्यांच्या सेवेला जोडायची सोय) चालेल का?

उत्तर १: नाही. ३१ मार्च २०२५ नंतर त्यांच्या लायब्ररी एपीआयला फक्त त्याच अ‍ॅपने चढवलेले फोटो दिसतात. फ्लिकरच्या फुकट खात्यात १००० फोटोंची मर्यादा, म्हणजे हळदीतच संपलं.

उत्तर २: अ‍ॅमेझॉन एस-थ्री (फाइली ठेवायची क्लाउड सेवा), मुंबई रीजन. प्रीसाइन्ड यूआरएल (आधीच सही केलेली, ठराविक मुदतीची लिंक) देऊन ब्राउझरमधूनच चढवा, मुदत १५ मिनिटं पुरे. यूआरएल सही करताना कंटेंट-टाइप (फाइलचा प्रकार) दिला असेल तर अपलोडलाही तोच हवा, नाहीतर ४०३ (परवानगी नाही) एरर. बकेटवर (एस-थ्रीतला फाइलींचा साठा) कॉर्स, म्हणजे तुमच्या साइटवरून ब्राउझरला तिथे पोचू देणारी सेटिंग, लावायला विसरू नका.

उत्तर ३: आयफोनचे एचईआयसी फॉरमॅटमधले फोटो क्रोममध्ये दिसत नाहीत, जेपेग करून ठेवा. छोट्या प्रती करताना एक्झिफ (फोटो उभा की आडवा वगैरेची फाइलमधली नोंद) बऱ्याचदा उडतं. म्हणून आधी त्या नोंदीप्रमाणे फोटो फिरवून घ्या, नाहीतर नवरा-नवरी आडवे.