दरबारी ऐका, बीपीची गोळी सोडा??

पेठेतला_पेटीवाला:
काल स्वरगंध ताईंची पोस्ट वाचली आणि झोपच उडाली (यावर कुठला राग ऐकायचा तेही सांगा आता). म्हणे दरबारी रागाने बीपी उतरतं, भूप रागाने ॲसिडिटी जाते आणि पोटातल्या बाळाला मोझार्टचं पाश्चात्त्य संगीत ऐकवलं की पोर हुशार निपजतं. ताई, 30 वर्षं साथीला पेटी (हार्मोनियम हो) वाजवतोय, दरबारी किती वेळा झाला ते मोजलं नाही, आणि बीपीची गोळी रोज सकाळी चहाआधी घेतो. त्या मोझार्टचं मूळ तरी बघा. 1993 चा अभ्यास, 36 कॉलेजची पोरं, बाळं नव्हेत हां, 10 मिनिटं मोझार्टची सोनाटा नावाची रचना ऐकून कागदाच्या घड्यांचं कोडं त्यांना जरा बरं सुटलं आणि तो असर 10-15 मिनिटांत उतरला. संपलं. तेवढ्यावर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने 1998 मध्ये नवजात बाळांना संगीत वाटायला 1 लाख 5 हजार डॉलर मागितले, आणि आपल्याकडे तेच गर्भसंस्कार म्हणून पेनड्राइव्हमध्ये भरून विकतात. गाणं औषध म्हणून विकायला लागलात की कुणीतरी खरं औषध सोडणारच. आमच्या शेजारच्या काकांनी सोडलं होतं, जिन्यात चक्कर येऊन पडले.

स्वरगंध:
गोळी सोडा असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा, उगाच माझ्या तोंडी घालू नका. मी 6 वर्षं दर गुरुवारी वृद्धाश्रमात जाते. तिथे एक आजी आहेत, स्वतःच्या मुलाला 'तुम्ही कोण' विचारतात, पण जात्यावरच्या ओव्या सुरू केल्या की शेवटपर्यंत म्हणतात, मधे मी चुकले तर माझ्या हातावर चापट मारतात. तुमच्या 36 पोरांपेक्षा माझ्या 12 आज्या मला पुरेशा आहेत.

बे_एरिया_बंड्या:
12 आज्या = डेटा. छान. ताई, आजी गातात हे खरंच आहे, पण त्याने विस्मरण बरं झालं का? ऑटिझमवर (स्वमग्नतेवर) 2017 मध्ये मोठी चाचणी झाली, 9 देश, 364 मुलं, 5 महिने, म्युझिक थेरपी दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांच्या लक्षणांत म्हणावा असा फरक नाही. आणि गाणं शिकून बुद्धी वाढते म्हणणाऱ्यांसाठी, 2004 ला टोरांटोकडे 144 सहा वर्षांची मुलं घेतली, गाणं-कीबोर्डवाल्यांचा बुद्ध्यांक बाकीच्यांपेक्षा जेमतेम तीनेक गुणांनी जास्त वाढला, आणि वागणूक सुधारली ती नाटकाच्या क्लासवाल्यांची! घाला मग पोरांना नाटकात.

कर्जत_लोकल:
बुद्ध्यांक वगैरे तुमच्या तिकडे. आमच्याकडे संगीत शिक्षणाचा फायदा एकच, दहावीला वाढीव मार्क. मुलीच्या क्लासमध्ये बाई आलाप-ताना वहीत लिहून देतात, पोरं पाढ्यासारख्या पाठ करतात, परीक्षकासमोर ओकतात, बाहेर येऊन वडापाव. परवा पाहुणे आले म्हणून म्हटलं यमन गा गं, तर विचारते, कुठल्या परीक्षेचा?

पेठेतला_पेटीवाला:
हा हा, कुठल्या परीक्षेचा! अहो हेच. गाणं नाहीच ते.

स्वरगंध:
हसा. 1901 साली पलुस्करबुवांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं म्हणून गाणं घराण्यांच्या दाराबाहेर आलं. माझे वडील प्राथमिक शिक्षक, आम्हाला कोण बुवा गंडा बांधून शिष्य करणार होता? परीक्षा होती, फी परवडणारी होती, म्हणून मी शिकले. तुम्हाला वह्यांना नावं ठेवायला काय जातंय.

कर्जत_लोकल:
वहीला नाही ताई, मार्कांना ठेवतोय. आणि पेटीला पण. तंबोऱ्यावर कोणी शिकवतच नाही, सगळी पोरं पेटीच्या पट्टीवर, सूर ठोकळ्यासारखे. आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटी बंद ठेवली होती ती उगाच नाही.

पेठेतला_पेटीवाला:
आलंच शेवटी. त्या बंदीचं कौतुक सांगणाऱ्याने आधी पेटीशिवाय कीर्तन, भजन आणि नाट्यसंगीत उभं करून दाखवावं. सूर बिघडतो तो कानामुळे, पेटीमुळे नाही. तुमच्या लेकीचा कोमल गंधार चुकतो म्हणून माझ्या पोटावर पाय देऊ नका.

कर्जत_लोकल:
लेकीवर यायचं काम नाही काका.

बे_एरिया_बंड्या:
बीपी वाढलं बघा, लावा दरबारी.

सांगलीची_हळद:
तुमचं पेटीपुराण झालं असेल तर बोलू का. आमच्या बाबांना दीड वर्षापूर्वी झटका आला, डावा मेंदू, उजवा हात लुळा आणि वाचा गेली. समजायचं सगळं, तोंडातून फक्त 'ते ते ते'. पाणी हवं असलं तरी ते ते, आणि मग चिडून ताट सारायचे. गणपतीत आरती सुरू झाली आणि हा माणूस शब्दन् शब्द म्हणाला, आई तबक खाली ठेवून रडायला लागली. वाटलं झालं, वाचा आली. आरती संपली, मी विचारलं प्रसाद देऊ? ते ते ते. मग वाचा-उपचारवाल्या बाईंनी तेच धरून सुरू केलं, बाबांचा डावा हात हातात घेऊन प्रत्येक अक्षराला टेबलावर एक थाप, एक सूर वर, एक खाली, 'पा-णी', आधी नुसतं गुणगुणायचं, मग एकत्र, मग त्यांनी एकट्याने. ही पद्धत 1973 ला बॉस्टनमधून आली असं त्या म्हणाल्या. रागबीग काही नाही, दोन सूर. रोज अर्धा तास, कंटाळा येईस्तोवर.

बे_एरिया_बंड्या:
हे मान्य. सगळ्यांना लागू पडत नाही, समज शाबूत असलेल्यांना जास्त जमतं, पण मान्य. पार्किन्सनवाल्यांना ठेक्यावर चालायला लावतात तेही मान्य. 12 आज्यांवरचं मात्र मागे घेत नाही.

पेठेतला_पेटीवाला:
ताई, काल हे असलं लिहिलं असतंत तर मी झोपलो असतो.

स्वरगंध:
उपकार झाले. पुढच्या वेळी तुमच्या झोपेची वेळ विचारून पोस्ट टाकेन. भूप आणि ॲसिडिटीचं वाक्य काढते, फॉरवर्डमधलं होतं. गुरुवार सोडणार नाही.

नवीन_सदस्य:
नमस्कार, धागा वाचला नाही पूर्ण, वाढीव मार्कांसाठी गायनाच्या किती परीक्षा लागतात? मुलगा आठवीत आहे, तबला चालेल का?

कर्जत_लोकल:
🙏

पेठेतला_पेटीवाला:
हळद ताई, बाबा न गाता पहिला शब्द कुठला बोलले?

सांगलीची_हळद:
चहा. साखर कमी पडली हे अजून थाप मारूनच सांगतात.