‘हारुही सुझुमिया’ तीन रात्रींत दाखवायची आहे, क्रम कोणता लावू?

देवगड_वाचनकट्टा
गणपतीत चाकरमान्यांची मुलं गावी येतात. आरती-भजन आटोपलं की तीन रात्री, रोज साधारण अडीच तास, आठ-दहा जणांना ‘हारुही सुझुमिया’ ही जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिका दाखवायची आहे. सगळे पंधराच्या पुढचे, पण ॲनिमे फारसा कुणी पाहिलेला नाही. शेवटच्या रात्री त्याच मालिकेचा सिनेमा हवाच. २००६ चा उलटसुलट क्रम लावू की सरळ? ‘एंडलेस एट’चे, म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते त्या कथेचे, आठही भाग (१२ ते १९) दाखवायचे का? आणि नंतर कुणाला पुस्तकं वाचायची झाली तर कुठून?

हर्णै_बंदर
नवख्यांना सरळ क्रमच लावा. २००६ साली क्योटो ॲनिमेशन या स्टुडिओने १४ भाग मुद्दाम विस्कटून दाखवले, त्याला कारण होतं. पहिलं पुस्तक सहा भागांत संपतं आणि सगळ्यांत मोठा प्रसंग सहाव्यात येतो. सरळ दाखवलं असतं तर पुढचे आठ भाग उतारच. म्हणून तो सहावा भाग शेवटी नेला. २००९ मध्ये १४ नवे भाग घालून २८ भाग कालक्रमाने लावले. आज २८ भागांची यादी मिळते ती बहुधा हीच. त्या आकड्यांत २००६ चा क्रम असा बसतो : २५, १, २, ७, ३, १०, ९, ११, २८, ४, २७, २६, ५, ६. पुन्हा पाहताना हा क्रम जरूर लावा, फार सुंदर जुळवणी आहे. पण पहिल्यांदा पाहणाऱ्यासमोर २५ वा भाग आला की ती शाळकरी मुलांनी काढलेली कच्ची फिल्म आहे हेच कळत नाही, आणि माणूस उठून जातो.

भाग साधारण २४ मिनिटांचा. पहिली रात्र १ ते ६. दुसरी रात्र ८, १२, १३, १९, २६, २८. तिसरी रात्र सिनेमा, २ तास ४२ मिनिटं.

यातला ८ वा गाळू नका. ७ जुलैच्या तानाबाता या जपानी सणाला बांबूवर इच्छांच्या चिठ्ठ्या बांधतात. मालिकेची नायिका हारुही म्हणते, चिठ्ठी ताऱ्यापर्यंत पोचायला एकाला २५ वर्षं, दुसऱ्याला १६, तेव्हा इच्छाही तेवढ्या वर्षांनंतरच्या लिहा. ते तारे म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण. सिनेमाचा अर्धा डोलारा त्याच रात्रीवर उभा आहे.

कुडाळचा_रसिक
यादी चांगली, पण ‘एंडलेस एट’ तीन भागांत उरकायला माझा विरोध आहे. दशावतारात आख्यान सगळ्यांना पाठ असतं, तरी रात्रभर माणसं बसतात, कारण आज संकासुर काय बोलेल ते ठरलेलं नसतं. इथेही तेच. गोष्ट एक, प्रयोग आठ. प्रत्येक भाग नव्याने काढलेला, संवाद नव्याने म्हटलेले. कपडे बदलतात, कॅमेऱ्याची जागा बदलते, जत्रेत हारुहीच्या शाळेतल्या क्लबमधली नागातो घेते तो मुखवटा बदलतो. १७ ते ३१ ऑगस्ट पुन्हा पुन्हा, आणि ते सगळं आठवतं फक्त नागातोला. पुस्तकात या फेऱ्यांचा आकडा १५,४९८ आहे. फेरी दोन आठवड्यांची धरून चौदाने गुणा, २,१६,९७२ दिवस होतात, म्हणजे ५९४ वर्षं. ॲनिमे तो १५,५३२ पर्यंत नेतो.

हर्णै_बंदर
मान्य, पण आठ भाग म्हणजे ३ तास १२ मिनिटं, सगळी दुसरी रात्र त्यातच जाईल. १२ मध्ये काही कळत नाही, १३ मध्ये कोडं उघडतं, १९ मध्ये सुटतं. मधोमध १५ वा घाला आणि २८ काढा. तेवढ्यात नागातोच्या चेहऱ्यावरचा शीण दिसतो, आणि सिनेमाला तोच लागतो.

सडा_आणि_समुद्र
दोन व्यवहाराच्या गोष्टी. गोष्ट सांगणाऱ्या क्योनचं निवेदन धबधब्यासारखं असतं, सबटायटल दोन-दोन ओळींची येतात आणि लगेच जातात. अक्षरं मोठी करा, मागच्या ओळीला वाचता आली पाहिजेत. वाचायचा कंटाळा करणारे जास्त असतील तर इंग्रजी डबिंग लावा, चांगलं आहे. दुसरं, भाद्रपदात लाइटचा भरवसा नाही. प्रोजेक्टर आणि स्पीकर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. सिनेमाला मध्यंतर हवं असेल तर क्योन क्लबच्या खोलीत पहिल्यांदा कीबोर्डवरची एंटर कळ दाबतो तिथे थांबा. त्याच्या आधी तोडलंत तर ताण विरतो.

पुस्तकांचं : नागारु तानिगावांचं पहिलं पुस्तक २००३ चं. ते सोडू नका, ॲनिमे पाहिला असला तरी. क्योनचं कुठलं वाक्य मनातलं आणि कुठलं तोंडाने म्हटलेलं, हे छापील पानावर अनेकदा कळतच नाही. अवतरणचिन्ह नसतं, आणि हारुही त्याला उत्तर देऊन मोकळी होते. ही गंमत पडद्यावर अर्धीच उतरते. मग तिसरं, चौथं, पाचवं. लक्षात ठेवा, सिनेमा चौथ्या पुस्तकावर आहे आणि ‘एंडलेस एट’ पाचव्यात, छोटी कथा म्हणून. म्हणजे पुस्तकवाल्यांनी आधी सिनेमातला नागातोचा डिसेंबर वाचला, तिचा ऑगस्ट नंतर. नववं मात्र हाती घेऊ नका, दहावं आणि अकरावं जवळ असल्याशिवाय. ते गोष्ट अर्ध्यावर तोडतं. जपानी वाचकांना पुढचं २००७ पासून थेट २०११ मध्ये मिळालं, तुम्हाला निदान तेवढं थांबायला नको.